लिहायला शिकविणारी सावित्रीमाई

दरवर्षी ३ जानेवारीला आपल्या शाळेच्या प्रांगणात तथागत बुद्ध, महात्मा फुले आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या प्रतिमांशेजारी क्रांतिज्योती सावित्रीमाई फुले यांची प्रतिमा मांडली जाते. वंदना होते, पुष्पे वाहिली जातात आणि मग लहान मुलींची भाषणे सुरू होतात. माजी विद्यार्थ्यांना ती भाषणे आठवत असतील, कारण त्यांपैकी कित्येकींनी ती स्वतः केली आहेत. ती भाषणे आम्हीच लिहून देत आलो. चौथीतली मुलगी ती आठ दिवसांत तोंडपाठ करी, हात पुढे करून न अडखळता म्हणे आणि खाली बसे. काही वर्षांपूर्वी अशाच एका भाषणानंतर आम्ही त्या मुलीला जवळ बोलावले आणि सावित्रीमाईंविषयी तुला काय माहीत आहे ते पाच ओळींत लिहून दाखव, असे सांगितले. तिने वही उघडली, पहिली ओळ भाषणातली लिहिली आणि थांबली. पुढची ओळ तिला आठवत होती. पण लिहायची म्हणजे काय करायचे, हे तिला कोणी शिकविलेच नव्हते. त्या दिवशी आम्हांला आमची लाज वाटली. इतिहासाची पदवी घेऊन वर्गात उभे राहिलेल्या आम्ही सावित्रीमाईंचे नाव शिकविले होते, त्यांचे काम शिकविले नव्हते. या स्मरणिकेच्या निमित्ताने त्यांचे चरित्र आम्ही त्याच बाजूने पाहू इच्छितो: मुलांच्या हाती लेखणी देणारी शिक्षिका म्हणून.

सावित्रीमाईंचा जन्म ३ जानेवारी १८३१ रोजी सातारा जिल्ह्यातील खंडाळा तालुक्यातल्या नायगाव येथे झाला. वडील खंडोजी नेवसे पाटील, आई लक्ष्मीबाई. घर शेतकऱ्याचे, पाटीलकीचे. पण त्या घरातही मुलीला अक्षर शिकविण्याची रीत नव्हती. १८४० मध्ये, वयाच्या नवव्या वर्षी, त्यांचा विवाह पुण्याच्या जोतीराव गोविंदराव फुले यांच्याशी झाला. जोतीराव तेव्हा तेरा वर्षांचे होते. बालपणी शिरवळच्या बाजारात कोणा मिशनऱ्याने दिलेले एक पुस्तक सावित्रीबाईंनी जपून ठेवले आणि वाचता येत नसतानाही ते सासरी आणले, अशी आठवण चरित्रकार सांगतात. ती खरी असो वा लोकांनी प्रेमाने जोडलेली असो, आम्हांला ती महत्त्वाची वाटते. आपल्या वसतिगृहात पहिल्या दिवशी येणाऱ्या कित्येक मुलांच्या पिशवीतही असेच एखादे न वाचता येणारे पुस्तक असते.

जोतीरावांची आई चिमणाबाई ते तान्हे असतानाच वारल्या होत्या. त्यांना मायेने वाढविले सगुणाबाई क्षीरसागर यांनी. स्वतः शिकत असतानाच जोतीरावांनी सगुणाबाई आणि सावित्रीबाई या दोघींना शिकवायला आरंभ केला. शेतात, झाडाखाली, मातीत काडीने अक्षरे गिरवून हे शिक्षण सुरू झाले, असे सांगतात. पुढे जोतीरावांचे स्नेही सखाराम यशवंत परांजपे आणि केशव शिवराम भवाळकर यांनी सावित्रीबाईंचे पुढील शिक्षण हाती घेतले. अध्यापनाचे शिक्षण घेऊन त्या शिक्षिका झाल्या. प्रौढपणाच्या उंबरठ्यावर अक्षरओळख झालेली ही बाई होती. ज्याला अक्षर उशिरा मिळते त्याला ते किती अवघड असते हे विसरता येत नाही. लहानपणीच लिहू लागलेल्या शिक्षकांना ते विसरणे सोपे जाते. आम्ही त्यांपैकीच आहोत.

१८४८ मध्ये पुण्यात बुधवार पेठेतील भिडेवाड्यात फुले दांपत्याने मुलींची शाळा सुरू केली. आरंभी सहा मुली होत्या. सावित्रीबाई तेव्हा सतरा वर्षांच्या होत्या. रस्त्याने जाताना त्यांच्यावर शेण आणि चिखल फेकला जाई आणि शाळेत पोहोचल्यावर त्या दुसरे लुगडे नेसत, हा प्रसंग आपल्या सर्वांना तोंडपाठ आहे, म्हणून त्यावर आम्ही अधिक शाई खर्च करीत नाही. खरे म्हणजे आमच्या भाषणांत तो प्रसंग एवढी जागा अडवितो, की लुगडे बदलल्यानंतर त्या बाईने वर्गात काय शिकविले, हे सांगायला वेळच उरत नाही.

१८४९ मध्ये या कामापायी दोघांना गोविंदरावांचे घर सोडावे लागले. उस्मान शेख यांनी त्यांना आसरा दिला, आणि त्यांच्या घरातील फातिमा शेख या सावित्रीबाईंच्या सहकारी झाल्या. ३ जुलै १८५१ रोजी बुधवार पेठेतच चिपळूणकरांच्या वाड्यात मुलींची शाळा निघाली. त्यानंतर रास्ता पेठ आणि वेताळ पेठ येथेही शाळा उघडल्या. त्याच काळात अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजांतील मुलामुलींसाठी निराळ्या शाळा सुरू झाल्या. १६ नोव्हेंबर १८५२ रोजी पुण्याच्या विश्रामबागवाड्यात सरकारतर्फे मेजर कँडी यांच्या हस्ते जोतीरावांचा सत्कार झाला. पुढच्याच वर्षी झालेली मुलींची जाहीर परीक्षा पाहायला शहरातील लोकांनी मोठी गर्दी केली होती.

या शाळांतून वाचन, लेखन, अंकगणित, व्याकरण हे विषय शिकविले जात. कागदोपत्री असा अभ्यासक्रम त्या काळच्या इतर मराठी शाळांतही होता. मग वेगळे काय होते? याचे उत्तर द्यायला आपल्याजवळ एक भक्कम पुरावा आहे. तो म्हणजे एका विद्यार्थिनीने लिहिलेला निबंध.

मुक्ता साळवे ही मातंग समाजातील मुलगी. वस्ताद लहुजी साळवे यांच्या कुळातली, असे मानले जाते. फुले दांपत्याच्या शाळेत जेमतेम तीन वर्षे शिकलेली आणि वयाने चौदाच्या आसपास असलेली ही मुलगी. तिने लिहिलेला निबंध मिशनऱ्यांच्या 'ज्ञानोदय' या नियतकालिकात १५ फेब्रुवारी आणि १ मार्च १८५५ अशा दोन अंकांत छापून आला. विषय होता मांग-महारांचे दुःख. हा निबंध आज आपण अभिमानाने आठवतो. परंतु शिक्षकाच्या नजरेने तो फार थोड्यांनी वाचला असेल. आम्ही तो तसा वाचून पाहिला.

पहिली गोष्ट, मुक्ता हवेत बोलत नाही. दुःख फार मोठे आहे, असे सांगून ती थांबत नाही. ते कोणते, कोणाच्या काळातले, कोठे घडलेले, हे एकेक करून सांगते. बाजीरावाच्या राज्यात तालीमखान्यासमोरून आमच्यापैकी कोणी गेला तर त्याचे शिर उडवून त्याचा चेंडू केला जाई, हे ती लिहिते. इमारतींच्या पायात आमच्या माणसांना तेल-शेंदूर पाजून पुरले जाई, हे ती लिहिते. शिकण्याची बंदी कशी होती, हे ती सांगते. बाळंत होणाऱ्या आमच्या बायांच्या डोक्यावर छप्परही नसते, आणि त्या वेदना काय असतात याचा विचार वाचणाऱ्यांनी आपल्या अनुभवावरून करावा, असे ती सुचविते. यांतील प्रत्येक मुद्दा दिसणारा आहे. वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे जागा उभी राहते, माणूस उभा राहतो.

दुसरी गोष्ट, एका वाक्यातून दुसरे वाक्य निघते. वेद ब्राह्मणांचेच, असे जर ते म्हणतात, तर आम्हांला धर्मग्रंथ नाही हे उघड आहे. आणि ग्रंथ नाही तर आमचा धर्म तरी कोणता, असे ती देवालाच विचारते. चौदा वर्षांच्या मुलीने एका विधानावर दुसरे विधान इतके नीट बसवावे, हे रोज मुलांच्या वह्या तपासणाऱ्यांनाच खरे कळेल. तिसरी गोष्ट, ती ज्यांच्यासाठी लिहिते त्यांना विसरत नाही. शेवटी ती आपल्याच लोकांकडे वळते आणि दारिद्र्याने व दुःखाने पिडलेल्यांना विद्या हेच औषध घ्यायला सांगते. म्हणजे माहिती आहे, क्रम आहे आणि वाचकही ठरलेला आहे.

या निबंधावर मुक्ताचा स्वतःचा ठसा आहे, तो कोणी लिहून दिलेला नाही. शिक्षकाने लिहून दिलेल्या मजकुरात विद्यार्थ्याच्या घरची बाळंतीण येत नाही. सावित्रीबाईंनी त्या वर्गात नेमके कोणते पाठ घेतले याच्या टिपणवह्या आपल्या हाती नाहीत, पण फळ हाती आहे. आणि आणखी एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. सावित्रीबाईंचा 'काव्यफुले' हा संग्रह १८५४ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि मुक्ताचा निबंध १८५५ मध्ये. म्हणजे ज्या शाळेत मुले लिहू लागली, त्या शाळेतली शिक्षिका स्वतः लिहीत होती. आम्हा शिक्षकमंडळींत पगारपत्रक आणि मासिक अहवाल यांपलीकडे लिहिणारे किती, हा प्रश्न आम्ही येथे केवळ नोंदवून ठेवतो.

मुक्ताचा निबंध वाचल्यानंतर आम्ही आमच्या चौथीच्या वर्गात एक बदल केला. त्याची हकीकत थोडक्यात सांगणे आवश्यक वाटते. त्याआधी आम्ही मुलांना विषय देत असू पाणी, झाड, शेतकरी. आणि सर्व वह्यांत पाणी म्हणजे जीवन, झाडे आपले मित्र आणि शेतकरी जगाचा पोशिंदा ही तीन वाक्ये हमखास सापडत. जिच्या घरी उन्हाळ्यात दीड कोसावरून हंडा आणावा लागतो, ती मुलगीही पाण्याविषयी तेच लिही. ही वाक्ये मार्गदर्शक पुस्तकांतून येतात आणि त्यांना गुणही मिळतात, हे आम्हांला मान्य करावे लागते. आम्ही विषय लहान केला. पाणी नको, तुमच्या गावची एक विहीर. ती कोठे आहे, कोणी खोदली असे लोक सांगतात, तिला पाणी कोणत्या महिन्यापर्यंत असते, पाणी कोण नेते, आटली की काय करतात, एवढेच सांगा. आधी तोंडाने, मग कागदावर. ज्या मुलाला शेजारी बसलेल्याने काही विचारले आणि उत्तर देता आले नाही, त्याने घरी गेल्यावर आजीला विचारून यावे.

पहिल्या महिन्यात फारसे काही हाती आले नाही. अडथळा आमच्या तांबड्या शाईचा होता, हे उशिरा लक्षात आले. आपल्या वाशीम, रिसोड, मालेगाव, मंगरुळपीर, कारंजा, मानोरा या सहाही तालुक्यांतून मुले येतात. घरी वऱ्हाडी बोलणारे मूल मला ऐवजी मले लिहिते. तांड्यावरचे मूल तर घरी गोरमाटी बोलते आणि मराठी त्याला शाळेतच भेटते. आम्ही मले खाली रेघ मारीत गेलो आणि मूल लिहायचे थांबत गेले. मग ठरविले, की पहिल्या लेखनात एकही रेघ मारायची नाही. फक्त एक प्रश्न लिहायचा: हे वाचून मला कळले नाही, कोणाची विहीर? मूल उत्तर लिही, आणि परिच्छेद एका वाक्याने वाढे. प्रमाण भाषेचे रूप तिसऱ्या लेखनात. काही सहकाऱ्यांना हे पटले नाही. शुद्धलेखन बिघडेल, ही त्यांची भीती अगदीच निराधार नव्हती. काही वह्यांत ते बिघडलेही. पण वह्या भरू लागल्या. सोयाबीन काढणीच्या वेळी मळणीयंत्राजवळ काय काय होते, हे एका मुलाने बावीस वाक्यांत लिहिले, आणि त्यात सोयाबीनला पिवळे सोने म्हटलेले नव्हते. आईवडील पुण्याकडे बांधकामावर गेल्यावर धाकट्या भावाला कोण सांभाळते, हे एका मुलीने लिहिले. तो परिच्छेद आम्ही वर्गात मोठ्याने वाचला नाही. तिची परवानगी विचारली, तिने मान हलवून नको म्हटले.

सावित्रीमाईंच्या चरित्राकडे पुन्हा वळू. १८५६ च्या सुमारास त्या आजारी पडल्या आणि विश्रांतीसाठी नायगावी माहेरी गेल्या. तेथून १० ऑक्टोबर १८५६ रोजी त्यांनी जोतीरावांना लिहिलेले पत्र उपलब्ध आहे. भावाने या कामाबद्दल दोष दिला, त्याला आपण काय उत्तर दिले आणि आईला काय वाटले, हे त्यात आहे. २९ ऑगस्ट १८६८ चे पत्रही नायगावचेच. ब्राह्मण तरुण आणि महार समाजातील मुलगी यांच्या प्रेमसंबंधामुळे गावकरी त्यांना ठार मारायला निघाले असता आपण मध्ये पडून त्या दोघांचे प्राण कसे वाचविले, हे त्यांनी कळविले आहे. तिसरे पत्र २० एप्रिल १८७७ चे, जुन्नर तालुक्यातील ओतूरहून लिहिलेले. दुष्काळात गावे कशी ओस पडत आहेत, जनावरे कशी मरत आहेत आणि सत्यशोधकांचे मदतकार्य कसे चालले आहे, याचा तो वृत्तान्त आहे. पतीला लिहिलेली ही पत्रे. पण त्यांत स्वतःच्या सुखदुःखाची चर्चा अत्यल्प आहे. काय घडले, कोण होते, मी काय केले, पुढे काय करावयाचे आहे, हे त्यांत आहे. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने १९८८ मध्ये प्रकाशित केलेल्या, डॉ. मा. गो. माळी यांनी संपादिलेल्या समग्र वाङ्मयात ही पत्रे मिळतात. पालकांनी ती मुलांना वाचून दाखवावीत. माहिती कशी लिहावी याचा यापेक्षा चांगला वस्तुपाठ आम्हांला ठाऊक नाही.

मधल्या काळातील कार्य सुपरिचित आहे. १८६३ मध्ये बालहत्या प्रतिबंधक गृह निघाले. १८६८ मध्ये घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांसाठी खुला झाला. २४ सप्टेंबर १८७३ रोजी सत्यशोधक समाजाची स्थापना झाली. प्रतिबंधक गृहात आलेल्या एका ब्राह्मण विधवेचा मुलगा दत्तक घेऊन त्यांनी त्याला यशवंत म्हणून वाढविले. तो पुढे डॉक्टर झाला. १८७७ च्या दुष्काळात धनकवडी येथे अनाथ मुलांसाठी बालाश्रम चालविण्यात आला. फुल्यांच्या घरीही बाहेरगावची मुले राहून शिकत. आपल्यासारख्या निवासी शाळेच्या पूर्वजांमध्ये त्या घराची गणना व्हायला हवी.

१९ ऑक्टोबर १८८२ रोजी जोतीरावांनी हंटर आयोगापुढे सादर केलेल्या निवेदनात प्राथमिक शाळांचा अभ्यासक्रम कसा असावा हे मांडले आहे. मोडी व बाळबोध लिपींचे लेखन-वाचन, हिशेब, इतिहास, भूगोल, व्याकरण यांची तोंडओळख, शेतीचे प्राथमिक ज्ञान, नीती आणि आरोग्य यांवरील सोपे पाठ, असा तो आराखडा होता. शेतकऱ्याच्या मुलाला त्याच्या जगण्याविषयी वाचता-लिहिता यावे, हा त्यामागचा आग्रह स्पष्ट दिसतो. त्या निवेदनामागे सावित्रीबाईंच्या वर्गातील तीस-पस्तीस वर्षांचा अनुभव उभा होता, असे आम्ही मानतो.

बाबासाहेबांनी बुद्ध आणि कबीर यांच्याबरोबर जोतीरावांना गुरू मानले आणि १९४६ साली शूद्रांच्या मूळाविषयीचा आपला ग्रंथ त्यांना अर्पण केला, हे आपण जाणतो. त्या गुरुपरंपरेतील एक धागा कमी सांगितला जातो. ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' निघाले, तेव्हा मुक्ताच्या निबंधाला पासष्ट वर्षे होत आली होती. १९२५ मध्ये बहिष्कृत हितकारिणी सभेने सोलापूरला वसतिगृह सुरू केले आणि तेथील विद्यार्थी स्वतःचे मासिक चालवीत. वसतिगृहात जेवण, निवारा आणि त्याबरोबर मासिक! आपल्या वसतिगृहाचे भित्तिपत्रक गेली कित्येक वर्षे सुविचार आणि कात्रणे यांवरच चालले आहे, हे माजी विद्यार्थी जाणतात.

२८ नोव्हेंबर १८९० रोजी जोतीरावांचे निधन झाले. अंत्ययात्रेत टिटवे धरण्याचा प्रश्न वादाचा झाला, तेव्हा सावित्रीबाई स्वतः पुढे झाल्या आणि ते त्यांनी हाती घेतले. १८९३ मध्ये सासवड येथे भरलेल्या सत्यशोधक परिषदेचे अध्यक्षस्थान त्यांनी भूषविले. त्याआधी जोतीरावांच्या जीवनावरील 'बावन्नकशी सुबोध रत्नाकर' हे काव्य त्यांनी सिद्ध केले होते. साठीच्या घरातही लेखणी खाली ठेवलेली नव्हती.

१८९७ च्या आरंभी पुण्यात प्लेगने थैमान घातले. डॉ. यशवंतरावांनी हडपसरच्या बाजूला ससाणे यांच्या माळावर रुग्णांसाठी दवाखाना थाटला आणि सहासष्ट वर्षांच्या सावित्रीबाई रुग्ण आणण्याच्या कामाला लागल्या. मुंढव्याच्या महारवाड्यात पांडुरंग बाबाजी गायकवाड यांच्या मुलाला प्लेग झाल्याचे कळताच त्या तेथे गेल्या आणि त्याला पाठीवर घेऊन दवाखान्यात आल्या. त्यातच त्यांना संसर्ग झाला. १० मार्च १८९७ रोजी त्यांची प्राणज्योत मालवली.

येत्या ३ जानेवारीला भाषणे होणार नाहीत. चौथीच्या मुलांनी सावित्रीमाईंविषयी आणि आपापल्या गावाविषयी लिहिलेले परिच्छेद प्रांगणातील भिंतीवर लावले जातील. काहींत मले आहे. तो आम्ही तसाच ठेवला आहे. पालकांनी सवडीने येऊन वाचावे. आणि ज्याच्या गावच्या विहिरीविषयी चुकीचे लिहिले असेल, त्याने त्या मुलाला सांगावे, म्हणजे तो पुन्हा लिहील.